पैऱ्याचा सर्व्हर

थर्रर्र... थर्रर्र... करत स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं एकाएकी गाऊ लागली, आणि रविवारच्या दुपारी मोठ्या मिनतवारीनं जमवून आणलेली शांतता पार विस्कटली.

चूक उत्कर्षाचीच होती. सृष्टीला झोपवायला तिला पाऊण तास लागला होता. तीन गोष्टी, दोनदा पाणी, एकदा शू आणि शेवटी 'पप्पा फौजेतनं कवा येणार' या प्रश्नाचं रोजचं उत्तर. आता तासभर आपला, असं म्हणून तिनं फोनचा आवाज बंद केला, नुसती थरथर ठेवली आणि पोरीच्या कानापासून लांब असावा म्हणून तो ताटांच्या मागं नेऊन उभा केला. फोनचा आवाज बंद करायचं तिला सुचलं होतं. स्टीलचा आवाज बंद करायचं सुचलं नव्हतं.

कोयनेच्या मुलखात मांडणीतली भांडी वाजली की माणसं आधी अंगणात पळतात आणि मग विचार करतात. उत्कर्षा फोन हुडकेपर्यंत तिच्या सासूबाई मनुबाई झोपलेल्या नातीला पोत्यासारखी खांद्यावर टाकून बाहेर पोचल्या होत्या, आणि "भाईर या गं समद्या, हालतंय!" अशी हाळी देऊन त्यांनी आळीतली चार घरंही रस्त्यावर आणली होती.

"आत्या, भूकंप नाही. फोन आहे," उत्कर्षा उंबऱ्यातून ओशाळून म्हणाली.

"फोननं ताटं हालत्यात व्हय? कुनाचा फोन?"

"सर्व्हरचा."

"त्यो कोन आनि?"

शेजारणी हसत घरात गेल्या. सृष्टी टक्क जागी होऊन आजीच्या खांद्यावरून जगाकडं बघत होती. आणि उत्कर्षा फोनवरच्या एका ओळीकडं बघत होती: 'डिस्क निकामी होण्याच्या मार्गावर. त्वरित बदला.'

उत्कर्षा ज्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळायची, त्याचं फाटक सातारा जिल्ह्यात होतं आणि चिमणी सांगली जिल्ह्यात. कॉम्प्युटर विभाग म्हणजे उत्कर्षा, एक टेबल आणि वजनकाट्यामागच्या खोलीत गुरगुरणारा सर्व्हर. उसानं भरलेला प्रत्येक ट्रॅक्टर काट्यावर यायचा, सर्व्हर त्याचं वजन नोंदवून पावती द्यायचा आणि पावती मिळाली की ट्रॅक्टर पुढं गव्हाणीकडं, ऊस ओतायला जायचा. पावती नाही तर ट्रॅक्टर नाही, ट्रॅक्टर नाही तर गव्हाण रिकामी, आणि गव्हाण रिकामी म्हणजे गाळप बंद. ऐन हंगामात गाळप बंद पडणं म्हणजे ऐन मुहूर्तावर नवरदेव सापडेनासा होणं. बोभाटा तेवढाच, आणि जाब विचारणारे त्याहून जास्त.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी उत्कर्षानं सृष्टी झोपल्यावर रोज थोडं थोडं लिहून चौदा पानांची एक फाईल तयार केली होती. नाव: 'सर्व्हर बंद पडल्यास करावयाची कार्यवाही'. कार्यकारी संचालक मानसिंगरावांनी ती वाचली आणि पहिल्याच पानावर लाल शाईनं शेरा मारला: 'बंद पडू देऊ नये.'

ती हटली नाही. सहा महिने पाठपुरावा करून तिनं एक स्टँडबाय सर्व्हर मिळवला. मुख्य सर्व्हरवरची प्रत्येक नोंद दर दहा मिनिटांनी त्याच्यावर उतरायची. मुख्य बसला की हा उठणार. शिवाय जुन्या डिस्क मरायच्या आधीच बदलाव्यात म्हणून दोन नव्या डिस्कही तिनं मंजूर करून घेतल्या. पण त्या बसवायला मुख्य सर्व्हर बंद करावा लागणार होता, आणि मानसिंगराव म्हणायचे, "चालतंय ना? मग हंगाम संपल्यावर बघू." यार्डाचे सुपरवायझर नाथाजीतात्या तर डोळे विस्फारून म्हणाले होते, "चालत्या बैलाला बाजार दाखवायचा? आवं म्याडम, कुटल्या गावची रीत ही?"

तात्यांना स्टँडबाय मुळातच पसंत नव्हता. काम न करता उभं राहणारी वस्तू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. "निस्ता बसून करंट खातोय," म्हणत ते येताजाता त्याच्याकडं, सासुरवाडीला मुक्काम ठोकलेल्या जावयाकडं बघावं तसं बघायचे. आता मानसिंगरावांनाही ते पटू लागलं होतं. उद्याच्या, सोमवारच्या बैठकीत एक विषय होता: 'पडून असलेला सर्व्हर गेस्ट हाऊसला देणेबाबत.'

उत्कर्षानं फोनवरची ओळ पुन्हा वाचली आणि घाबरायच्या ऐवजी तिला हसू आलं. आजच! स्टँडबाय चालू करायचा, मुख्य बंद करायचा, डिस्क बदलायच्या. काट्याला कळणारसुद्धा नाही. आणि उद्या बैठकीत छाती पुढं काढून सांगायचं, की बघा, बसून खाणाऱ्यानंच काल कारखाना चालवला.

"आत्या, मी तासाभरात येते."

"आनि ही? हिला आता झोप येतीया व्हय? मी बी येतो. तुजा त्यो बसून खानारा बगायचाच हाय मला एकदा."

अशा रीतीनं पुढं सृष्टी, मध्ये उत्कर्षा, मागं मनुबाई आणि मनुबाईंच्या मांडीवरच्या पिशवीत दोन नव्या डिस्क, अशी स्कूटी कारखान्याकडं निघाली.

यार्डात ट्रॅक्टरांची रांग लागली होती. नाथाजीतात्या काट्याच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मनुबाईंना बघून ते उठले.

"या, वैनी, या! आज हिकडं कुनीकडं?"

"तुमच्या सर्व्हरला बगायला आलो. पोरीच्या डोक्यात रातदिस त्योच असतोय."

का कोण जाणे, तात्यांचा चेहरा जरासा पडला. "आदी च्या घ्या," ते घाईघाईनं म्हणाले. "सर्व्हर कुटं पळून जातोय?"

"चहा मागून, तात्या. आधी स्टँडबाय चालू करते," म्हणत उत्कर्षा मागच्या खोलीत शिरली. मुख्य सर्व्हर गुरगुरत होता. मध्येच अडखळून खोकल्यासारखा आवाज काढत होता. त्याच्या शेजारी, कोपऱ्यात, दसऱ्याच्या पूजेचं हळदीकुंकू लागलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली स्टँडबाय उभा होता. उत्कर्षानं त्याच्या पाठीवर मायेनं थाप मारली आणि आवरण ओढलं.

आत लखलखीत स्टीलची एक उंच टाकी होती. वर झाकण. खाली तोटी.

उत्कर्षानं आजवर बरेच सर्व्हर बघितले होते, पण तोटी असलेला हा पहिलाच.

"झ्याक हाय की गं," मागून मनुबाई म्हणाल्या. "मला वाटलं, काय तरी टीव्हीसारखं असंल."

"तात्याऽऽ!"

तात्या दारात येऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी ती आतून तपासली आणि पुन्हा घातली.

"स्टँडबाय कुठाय?"

"हाय की. झ्याक हाय."

"कुठं?"

"पैऱ्यानं दिलाय."

उत्कर्षाला ऐकलेलं समजत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. "पैऱ्यानं? सर्व्हर?"

"आता कसं सांगू तुमाला. तुमी शिकल्याली मानसं. ज्याच्याकडं एकच बैल, त्यो शेजाऱ्याच्या बैलासंगं जोडी करतो. आज तुजं वावर, उद्या माजं. ह्याला म्हनायचं पैरा. आमच्या बानं उभा जल्म पैऱ्यावर काढला." तात्यांना आता सूर सापडला. "दिवाळीच्या वक्ताला ती नदीपल्याडची डेअरी हाय न्हवं, तिचा सर्व्हर मेला. त्यो शोएब, त्यांचा कॉम्प्युटरवाला, रडकुंडीला येऊन हितं आला. तुमी तवा रजेवर, पोरीला ताप आल्याला. आमचा बैल निस्ता दावणीला उबा. म्हनलं, ने बाबा. आनि बदल्यात त्यांच्याकडं ही च्याची टाकी जादा हुती, ती त्यानं हितं दिली. बगा की, थंडीत रांगंत उबं ऱ्हानाऱ्या ड्रायव्हरास्नी दिसभर गरम च्या मिळतोय!"

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुमी रोज सकाळी फोन बगून म्हनायचा, 'स्टँडबाय ठीक आहे.' मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

उत्कर्षानं फोन काढून बघितला. खरंच, रोज सकाळी सातला स्टँडबायचा निरोप यायचा: 'मी ठीक आहे.' यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते ठीकच होतं. कुठं आहेस, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तिनं शोएबला फोन लावला.

"बोला ताई! लय गुणी मशीन आहे तुमचं. एक दिवस कुरकुरलं नाही."

"शोएब, ते मला आत्ताच्या आत्ता परत पाहिजे."

"आत्ता?" शोएबचा आवाज बसला. "ताई, अर्ध्या तासात संध्याकाळचं दूध चालू होतंय. शंभर माणसं किटल्या घेऊन दारात असतील. आत्ता मशीन काढलं तर मला त्यातल्याच एका किटलीत बुडवतील. सातला मी स्वतः गाडीत घालून आणतो. देवाशपथ."

सात म्हणजे अजून तीन तास. उत्कर्षानं मुख्य सर्व्हरकडं बघितलं. तो खोकला, पण चालत होता. तीन तास काढील. काढायलाच हवेत.

"बरं. सातला."

तात्यांनी उत्कर्षाचा उतरलेला चेहरा बघितला. त्यांच्या मुलखात माणूस नाराज झालं की त्यावर एकच उपाय. "बसा, म्याडम. ताजा च्या टाकतो. आलं घालून. वैनी, तुमी बी बसा," म्हणत त्यांनी टाकीत बादलीभर पाणी ओतलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

ते बटण जिथं होतं, तिथं उत्कर्षानंच एकदा लाल अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती: 'फक्त स्टँडबायसाठी.' सर्व्हरांना अखंड वीज देणाऱ्या यूपीएसवरचं ते एकमेव रिकामं बटण. इतके दिवस तात्या त्यावर कोमट चहा नुसता गरम ठेवायचे. आज पहिल्यांदाच गार पाण्याची भरलेली टाकी त्यावर लागली होती.

यूपीएसनं एक लांब उसासा टाकला. कट्. खोलीतले सगळे दिवे गेले. मुख्य सर्व्हरची गुरगुर हळूहळू खाली येत थांबली.

"काय झालं?" सृष्टीनं विचारलं.

"काय न्हाई, बाळ," तात्या म्हणाले. "च्या जरा उशिरा हुईल."

उत्कर्षानं टाकीची वायर ओढून काढली, यूपीएस चालू केला, सर्व्हरचं बटण दाबलं. पंखे फिरले. एक डिस्क 'टक्... टक्... टक्' करत राहिली, आणि मग तेही थांबलं. पडद्यावर एक पांढरी रेघ नुसती लुकलुकत होती.

बाहेर काट्यावर पहिला हॉर्न वाजला. मग दुसरा. मग साठ ट्रॅक्टरांनी मिळून असा काही सूर धरला, की चिमणीवरचे पारवे उडाले.

"हातानं पावत्या फाडू या," तात्या म्हणाले. "हातपावत्यांची बुकं हुती की! कुटं गेली?"

"गेल्या वर्षी तुम्हीच कँटीनला दिलीत. भजी बांधायला."

"व्हय का?" तात्यांनी कान खाजवला. मग त्यांनीच हळूच विचारलं, "नवी डिस्क घालून चालू न्हाई हुनार?"

"होईल. पण सगळं पुन्हा भरायला दोन तास लागतात. गव्हाणीत ऊस किती आहे?"

"पंचवीस मिन्टांचा."

तेवढ्यात फोन वाजला. मानसिंगराव. "उत्कर्षा, काटा का थांबलाय?"

"साहेब... डिस्क बदलायचं काम चाललंय."

"आणि स्टँडबाय?"

उत्कर्षानं टाकीकडं बघितलं. टाकीत तिला तिचंच लांबडं, वाकडं तोंड दिसलं. "तो... तयार आहे, साहेब."

"मी निघालोय. बघतोच काय ते. आज चालला नाही ना, तर बैठकीपर्यंत थांबायचं कारणच नाही. आजच गेस्ट हाऊसला पाठवतो."

फोन बंद झाला. उत्कर्षा खुर्चीवर बसली. चौदा पानं, सहा महिन्यांचा पाठपुरावा, पोरगी झोपल्यावर डोळे ताणून केलेली आखणी, सगळं एका आलं घातलेल्या चहात बुडालं होतं. डेअरी नऊ किलोमीटरवर. जाऊन, सर्व्हर उचलून, परत यायला चाळीस मिनिटं. आणि शोएबच्या दारात शंभर किटल्या.

मनुबाई एवढा वेळ सृष्टीला कडेवर घेऊन सगळं ऐकत होत्या. त्यांना यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण पैरा कळत होता.

"नाथाजीभावजी, मी एक इचारू? बैल पैऱ्यानं शेजारी गेला, आनि इतक्यात आपल्या वावराला वापसा आला, पेरायची घडी आली. मग बैल घरी आनून, दावणीला बांदून, पानी दावून मगच औत धरायचं व्हय? त्यो जितं हाय तितनंच जुपायचा की! शेजाऱ्याचं अन् आपलं वावर लागून असतंय."

"आवं वैनी, ही डेअरी नऊ किलोमीटर—"

"थांबा, तात्या." उत्कर्षा उभी राहिली होती. रोज सकाळी सातला येणारा निरोप तिच्या डोक्यात वाजत होता. 'मी ठीक आहे.' नऊ किलोमीटरवरून येत होता तो. म्हणजे शोएबनं जोडणी तोडलीच नव्हती. म्हणजे काट्यावरची प्रत्येक नोंद दर दहा मिनिटांनी तिकडं पोचत होती. निरोप येऊ शकतो, नोंदी जाऊ शकतात, तर काटा का बोलू शकणार नाही?

"शोएब! मशीन काढू नकोस. हलवूच नकोस. आपला कारखान्याचा प्रोग्राम आहे का त्याच्यावर अजून?"

"आहे की, ताई. म्हणजे... त्यातच थोडं..."

"थोडं काय?"

"मागून सांगतो. आधी काय करू बोला."

पुढची पंधरा मिनिटं उत्कर्षा फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून, एका हातानं कळा बडवत आणि दुसऱ्या हातानं सृष्टीला वायरींपासून लांब ढकलत बोलत होती. बाहेर तात्या रांगेपुढं दोन्ही हात पसरून उभे होते. "दमा रं गड्याहो! पाच मिन्टं! मशीन डेअरीत्नं येतंय!"

"डेअरीतनं काय येतंय, तात्या? ताक?" रांगेतल्या पहिल्या ट्रॅक्टरवरून विश्वजीत नावाच्या पोरानं विचारलं. रांग फिसकन हसली.

गव्हाणीत सहा मिनिटांचा ऊस राहिला असताना काट्यावरचे लाल आकडे लुकलुकले. छपाईयंत्र खरखरलं. विश्वजीतची पावती बाहेर आली. त्यानं ती हातात घेतली, वाचली, उलटी करून बघितली आणि पुन्हा वाचली.

"म्याडम, वजन बराबर हाय. चौदा टन. पर ह्ये फॅट सहा पूर्णांक आठ कशाचं?"

"काय?"

"हितं लिवलंय की. 'ऊस, चौदा टन. फॅट सहा पूर्णांक आठ. प्रकार: म्हैस.'"

उत्कर्षानं कपाळाला हात लावला. "शोएऽऽब!"

"तेच सांगत होतो, ताई," पलीकडून शोएब कळवळून म्हणाला. "नवा प्रोग्राम कोण लिहीत बसणार? तुमच्याच पावतीत फॅटचा रकाना वाढवला. आता दोन्हींची सरमिसळ होतीय. माझ्याकडं पण... थांबा, चाची, थांबा. ही अख्तरबी चाची बोलतीय, जरा ऐका."

फोनवर एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "कारखान्याच्या म्याडम का? आवं, माज्या म्हशीच्या दुदापुडं 'खोडवा' छापून आलंय!"

"चुकून आलंय, चाची. माफ करा. खोडवा म्हणजे एकदा तोडून पुन्हा फुटलेला ऊस. आत्ता दुरुस्त—"

"चुकून कशाला? म्हस दुसऱ्यांदा व्याल्याली, दुसऱ्या वेताची हाय. बराबरच हाय की! निस्तं इचारत हुतो, मशीनला कसं कळलं?"

उत्कर्षाला एवढ्या धांदलीतही खुदकन हसू आलं. तिनं रकाना झाकला, पण तोवर चौदा ट्रॅक्टर म्हशीच्या नावावर आत गेले होते. तक्रार कुणाचीच नव्हती. उलट एकानं 'गायीच्या भावात तर धरणार न्हाई न्हवं?' एवढीच खात्री करून घेतली. गव्हाणीवर ऊस पडू लागला. ती एक क्षणही रिकामी झाली नाही.

मानसिंगरावांची जीप आली तेव्हा रांग संथ पुढं सरकत होती. ते सरळ मागच्या खोलीत आले. मुख्य सर्व्हर टेबलावर उघडा पडला होता. कोपऱ्यात निळं आवरण गळून पडलं होतं. तात्या टाकीच्या पुढं, तोटी पाठीनं झाकत उभे होते.

"मुख्य बंद?"

"हो, साहेब."

"काटा चालू आहे. म्हणजे स्टँडबायवर चाललाय. कुठाय तो?"

तात्यांच्या कपाळावर ऐन थंडीत घाम आला. हंगाम संपला की ते निवृत्त होणार होते आणि असला ठपका घेऊन घरी जायची त्यांची इच्छा नव्हती. उत्कर्षानं त्यांच्याकडं बघितलं. मघापासून तिच्या मनात त्यांना द्यायची दहा उत्तरं तयार होती. पण समोर डोक्यावरची टोपी सावरणारा म्हातारा बघून एकही ओठावर येईना.

"डेअरीत आहे, साहेब. नदीपलीकडच्या."

"डेअरीत?"

"हो."

मानसिंगरावांनी खिडकीतून काट्याकडं बघितलं, मग बंद सर्व्हरकडं, मग पुन्हा काट्याकडं. त्यांच्या कपाळावरची आठी चढत गेली आणि मग, उत्कर्षाच्या डोळ्यांदेखत, उतरत गेली.

"म्हणजे ही खोली जळाली, बुडाली, काहीही झालं, तरी काटा चालणार?"

"...हो, साहेब."

"वा! हे का नाही सुचवलंत आधी?"

"सुचवलं होतं. पान नऊ. 'राखीव सर्व्हर वेगळ्या ठिकाणी ठेवावा.' तुम्ही त्यावर लाल फुली मारली होती. खर्चिक म्हणून."

मानसिंगराव खाकरले. "मग आता खर्च किती आला?"

"काहीच नाही, साहेब. व्यवस्था नाथाजीतात्यांनी केली."

"तात्या? तुम्ही?"

तात्या तोटीला आणखी चिकटले. "पैऱ्यानं, सायेब."

मानसिंगरावांनी पुढं होऊन तात्यांच्या खांद्यावर थाप मारली. "ह्याला म्हणतात अनुभव! उत्कर्षा, शिका यांच्याकडून. चौदा पानं लिहावी लागली नाहीत त्यांना. उद्याच्या बैठकीत विषय घ्या. सर्व्हर गेस्ट हाऊसला नाही. डेअरीशी कायमचा पैरा. त्यांचं राखीव आपल्याकडं, आपलं त्यांच्याकडं. नाव द्या... नाथाजी पद्धत!"

तात्या कानापर्यंत लाल झाले. तोटी झाकायचं भान सुटून ते बाजूला सरले, आणि मानसिंगरावांना टाकी दिसली.

"हे काय?"

"त्यांचं राखीव, सायेब," तात्या चटकन म्हणाले.

जीप गेली. तात्या उत्कर्षापाशी आले. मग म्हणाले, "पोरी, काम तुजं आनि नाव माजं झालं. ह्ये काय बरं न्हाई झालं."

"असू दे, तात्या. मशीन राहिलं ना? मला तेवढंच हवं होतं. फक्त त्या लाल चिठ्ठीखाली पुन्हा चहा ठेवलात तर मात्र मी तुमच्या निवृत्तीच्या हाराला येणार नाही."

"च्या भाईरच्या बटनावर. आईच्यान." आणि ते टाकी कडेवर घेऊन, लेकराला न्यावं तसे, बाहेर निघून गेले. पाच मिनिटांत आल्याचा वास खोलीत शिरला.

उत्कर्षानं पदर खोचला, पेचकस घेतला आणि उघड्या सर्व्हरसमोर बसली. मनुबाई खुर्चीवर पाय वर घेऊन बशीतला चहा फुंकत होत्या. त्यांच्या मांडीवर रेलून सृष्टी बिस्किटाच्या कडा कुरतडत होती. बाहेर ऊन कलत होतं आणि काटा नदीपलीकडून, विनातक्रार, चालला होता.

मेलेली डिस्क निघाली. नवी बसली. मग उत्कर्षानं शेजारच्या डिस्कचे स्क्रू सोडवायला घेतले.

"ही पन मेली?" सृष्टीनं विचारलं.

"नाही, ही चालतीय."

"मग का काढतीयास?"

"जुनी झाली ना ती. अशा जुन्या डिस्क कधी अचानक बंद पडतील सांगता येत नाही. मग आपली फजिती होते, आत्ता झाली तशी. म्हणून बंद पडायच्या आधीच नवी आणून ठेवायची."

"चालत असली तरी?"

"चालत असली तरी."

"आनि नवी न्हाई आनली तर?"

"तर मग रडायचं," उत्कर्षा हसत म्हणाली. "म्हणून जे आपल्याला लागतंच, ज्याच्याशिवाय अजिबात चालत नाही, त्याचं दुसरं आधीच आणून ठेवायचं असतं. कळलं?"

"शानी हाय माजी बाय, समदं कळतंय तिला," मनुबाई म्हणाल्या आणि बशीतला उरलेला घोट त्यांनी नातीच्या तोंडाला लावला.

सृष्टी तो घोट प्याली. तोंड पुसलं. मग वर मान करून तिनं आजीकडं निरखून बघितलं. पिकलेले केस, हातावरच्या सुरकुत्या, समोरचा पडलेला दात, सगळं एकदा नीट बघितलं. आणि आजीचं बोट घट्ट मुठीत धरून, अगदी काळजीनं, तिनं विचारलं,

"आई, मग दुसरी आजी कुटं आनून ठेवलीयास?"